क्रेनखालची वाळू

"अरे, ही वाळू क्रेनच्या मागे मागे फिरते की काय?" चिमणीने विचारलं.

"वाळूला काय पाय फुटलेत?" ढब्बू खिदळला.

पण ताई हसली नाही. काल क्रेन भिंतीपाशी उभी होती, तेव्हा वाळू भिंतीपाशी. आज क्रेन फाटकाजवळ, तर वाळूही इथेच! बाकी साऱ्या आवारात नुसती लाल माती.

तिघं भावंडं सुट्टीला मामाकडे आली होती. मामा क्रेन चालवायचा. खाली खंदकात उभी राहून मामी क्रेनने सोडलेले अजस्र पाइप जोडायची. कामाआधी मामा रोज क्रेनभोवती फिरे, चाकं ठोके, आकडा हलवून बघे, वाकून खालची जमीन न्याहाळे. क्रेनचा हात तेलाच्या दाबावर तोलला जातो आणि तेल गळलंय का, ते जमीनच सांगते, असं तो म्हणे.

"आणि त्याच जमिनीवर कुणीतरी वाळू टाकतंय!" ताई कुजबुजली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं एका पाइपात दडून बसली. थोड्या वेळाने मुकादम आला. इकडेतिकडे बघत त्याने क्रेनखाली घमेलंभर वाळू पसरली आणि शीळ घालत चहाला गेला.

"लबाड कुठला!" चिमणी फणफणली. ताईने आपल्या खाऊच्या डब्याचं झाकण क्रेनखाली वाळूवर सरकवलं.

मामा आला आणि रोजच्यासारखा वाकला, तेव्हा झाकणात तेल चकाकत होतं.

"या कार्ट्यांनीच ओतलं असणार!" मुकादम धावत येऊन ओरडला.

"मग पुसून परत ठेवते. सगळ्यांसमोर!" ताई म्हणाली.

सगळे डोळे झाकणावर. टप्प! थेंब पडला.

"हात्तिच्या! एवढ्याशा थेंबाने काय आभाळ कोसळतंय?" मुकादम म्हणाला. "पाइप आजच बसायला हवेत. क्रेन थांबली, तर बोलणी मी खायची!"

मामी पुढे आली. "असं? मग आज खंदकात माझ्याऐवजी तुम्ही उतरा."

मुकादम खोल खंदकाकडे बघत मागे सरकला.

मामाने सगळ्यांना लांब केलं, क्रेनचा रिकामा हात उंच नेला आणि सगळ्या दांड्या सोडून दिल्या. कुणी बोटही लावलं नव्हतं, तरी हात हळूहळू खाली येऊ लागला. आला तो थेट मातीला टेकला!

एवढ्यात इंजिनीअरबाई आल्या. सगळं ऐकून त्यांनी काम थांबवलं, मुकादमाला ऑफिसात बोलावलं. "मोठ्यांच्या नाकावर टिच्चून पकडलंत की! शाबास रे पोरांनो!" असं म्हणून त्यांनी ढब्बूची पाठ एवढ्या जोरात थोपटली, की तो दोन पावलं पुढेच गेला.

मामी मात्र खंदकाच्या काठावर मटकन बसली होती. "इकडे या रे," ती म्हणाली आणि तिने तिघांना घट्ट कवटाळलं.

"मामी, गुदमरलो की!" ढब्बू ओरडला.

"गुदमर मेल्या," मामी म्हणाली, पण तिने काही मिठी सोडली नाही.