तिच्या रक्तातला धाकटा

तो दिवा राहू दे बंद, डास येतात. आणि तू, मोबाईल पालथा ठेव. ऐकायचं असेल तर नीट ऐका, नाहीतर गुपचूप झोपायला जा. मला काही सांगायची हौस आलेली नाही.

ही माझ्या साडूची गोष्ट. तुमच्या मावशीचा नवरा रे, हॉस्पिटलात यंत्रावर कामाला असतो तो. इतका रुक्ष माणूस की स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तिकिटाच्या रांगेत उभा असल्यासारखा दिसतो. असा माणूस थापा मारत नाही. थापा मारायलाही थोडं डोकं चालवावं लागतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. हा जेवून हात पुसतोय तोच फोन आला. चौथ्या मजल्यावरच्या बाईंचं रक्त धुवायचंय, आत्ताच्या आत्ता, सकाळपर्यंत त्यांच्यासाठी हृदय येईल असं दिसतंय. हा निघाला. त्याच्या दृष्टीनं नेहमीचंच काम.

रक्त काय कपडे आहेत का धुवायला, म्हणे! सांगतो ना, दम धर. या बाई शिवणकाम करायच्या. नवरा बस चालवतो, घरी दहा वर्षांची मुलगी. त्याच्या दोन वर्षं आधी दुसरं बाळंतपण झालं, मुलगा झाला. तासभर जगला बिचारा. त्याच बाळंतपणात बाईंचं हृदय फुगलं ते फुगलंच. आता दुसऱ्याचं बसवल्याशिवाय गत्यंतर नाही. पण घोडं अडलं रक्तापाशी. पोटातलं बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला तेवढं परकंच. काही बायकांचं रक्त ते लक्षात ठेवतं आणि त्याच्यावर पहारे बसवतं. मग त्या बाळासारख्याच खुणा असलेलं कुणाचं हृदय आलं की हे रक्त त्याच्या अंगावर धावून जातं. म्हणून आधी दोघांचं रक्त तपासून बघतात. बाईंसाठी दोनदा हृदय मिळालं, दोन्हीदा जुळलं नाही, दुसऱ्या कुणाला तरी गेलं. त्यावर उपाय म्हणजे हे यंत्र. रक्त नळीनं बाहेर घ्यायचं, त्यातलं पिवळं पाणी, ज्यात ते पहारेकरी असतात, ते पिशवीत टाकायचं आणि बाकीचं परत अंगात सोडायचं. पाचसहा वेळा झालं होतं. पहारा बराच उतरला होता. शेवटचा एक हात राहिला होता.

साडू यंत्र ढकलत खोलीत गेला. नवरा खिडकीपाशी उभा. बाई म्हणाल्या, "नका लावू."

"ताई, सकाळी हृदय येतंय."

"येऊ दे."

"अगं, असं काय करतेस?" नवरा कळवळला.

बाई उठून बसल्या. धाप लागलेली. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना, माझं रक्त त्याला अजून ओळखतं? फोटो नाही त्याचा. नाव ठेवायलाही सवड मिळाली नाही. एवढीच आठवण उरलीय त्याची, आणि ती तुम्ही पिशवीत भरून फेकून देताय. यंत्र लागलं की तो येतो. रडत नाही. नुसता धरून बसतो."

नवरा हळूच म्हणाला, "आणि जी आहे ती? रोज विचारते, आई कधी येणार. तिला काय सांगू मी?"

बाई रडल्या. पोट धरून रडल्या. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "लावा."

यंत्र लागलं. नवऱ्याला सह्या करायला खाली बोलावलं. खोलीत आता बाई, साडू आणि यंत्राची घरघर.

अर्ध्यावर यंत्र ओरडलं. नळी दुमडली की ओरडतं ते. यानं पाहिलं... नळी सरळ. पुन्हा चालू केलं.

पुन्हा ओरडलं.

यानं टॉर्च लावला. पलंगाच्या कडेपाशी नळी चपटी झाली होती. दुमडलेली नव्हती. दाबलेली होती. चार बारीक खळगे... मसुराच्या दाण्याएवढे.

तिथं कुणी नव्हतं.

नळीत रक्त थांबलं की गोठतं. ते गोठलं असतं तर सगळं पाण्यात. सकाळचं हृदयही गेलं असतं. यानं नळी ओढून पाहिली. सुटेना.

बाईंचे डोळे मिटलेले. पुटपुटल्या, "सोड, राजा... तुझ्या ताईला आई हवीय रे... सोड ना..."

काही नाही.

यंत्र ओरडतंय...

तुमच्या मावशीला मूल नाही, ते तुम्हाला माहीत आहे. त्या घरात त्याविषयी कधी कुणी बोलत नाही. तर या माणसानं काय करावं? आपलं बोट पुढं केलं. त्या खळग्यांपाशी नेलं. का, ते त्याला आजही सांगता येत नाही.

नळी फुगली. रक्त धावलं.

आणि बोट... धरलं गेलं.

गार होतं का, मी विचारलं. म्हणाला, नाही. उबदार.

साडू हलला नाही. पिशवी भरत होती. बाई झोपल्या होत्या, निदान याला तसं वाटलं. पिशवी भरत आली तशी पकड सैल झाली... झोप लागलेलं बाळ सोडतं ना, तशी. मग काहीच नाही. साडू तिथंच खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडला. हे त्यानं मावशीलाही सांगितलेलं नाही, तेव्हा तोंड बंद ठेवा.

सकाळी रक्त जुळलं. हृदय बसलं. बाई आता घरी आहेत, मूठभर गोळ्या खातात आणि पोरीचे फ्रॉक शिवतात.

तीन महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा सरळ यंत्राच्या खोलीत शिरल्या. साडूचा हात हातात घेतला, बोट उलटं करून पाहिलं. चार पांढरे वण होते तिथं, मसुराच्या दाण्याएवढे. "एवढूसा होता का हो?" म्हणाल्या. किती तरी वेळ बोट सोडेनात.

परवा साडू येऊन गेला, तेव्हा मी ते बोट पाहिलं. वण आहेत. चारच आहेत. पण आता ते मसुराएवढे राहिलेले नाहीत रे... चालायला लागलेल्या पोराच्या बोटांएवढे झालेत.