वडलीमायच्या नावाचं पान

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी तिथे होते. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि मी अकरा वर्षांची होते. एवढं कळायचं वय असतं ते.

साल १९६१, मे महिना. मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या काठावर आमचं घर. रात्र नव्हती... भर दुपार होती. बारा नुकतेच वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या आत्याचं, मारियानचं लग्न होतं.

आणि आजीला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आजीचं नाव अँजेलिना. आम्ही तिला वडलीमाय म्हणायचो. गावात कोणालाही विचारा, बाई म्हणजे संत. पहाटे दीड मैल अनवाणी चालत चर्चमध्ये मिसेला, म्हणजे प्रार्थनेला जायची. भर पावसातसुद्धा. देवीची साथ आली तेव्हा ज्या घरांत सख्खे नातेवाईक पाय ठेवत नव्हते, तिथे ही पेज घेऊन गेली. मेलेल्यांना न्हाऊ घातलं. हिंदू बघितला नाही, ख्रिस्तांव बघितला नाही. गुडघे टेकून टेकून तिच्या गुडघ्यांवर काळे घट्टे पडले होते.

हे सगळं खरं आहे. त्यातलं काही मी खोडत नाही.

पण संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना सुरू झाली, की आम्ही सगळे मारियानकडे बघायचं टाळायचो.

मारियान तोतरी होती.

"नमान मारये"पर्यंत ती यायची. पुढचा शब्द "कुरपेन", म्हणजे कृपेने. तिथे तिची जीभ अडकायची. क... क... क...

वडलीमाय डोळे न उघडता म्हणायची, "पयल्यापासून म्हण. मगे जेवाण."

रागावून नाही. अगदी मऊ आवाजात.

मारियानसमोर पान वाढलेलं असायचं. गरम भाताची वाफ तिच्या तोंडावर यायची. ती पुन्हा सुरू करायची, पुन्हा अडकायची. तिसऱ्यांदा अडकली की वडलीमाय पान उचलायची आणि मागच्या दारी कुत्र्याला घालायची. सैतान पोरीच्या जिभेवर बसलाय, उपाशी ठेवल्याशिवाय तो उठायचा नाही, असं तिचं ठाम मत होतं.

नऊ वर्षं हे चाललं. माझ्या आईने एकदा पदराखालून भाकरी दिली, तर त्या दिवशी आईचंही पान उचललं गेलं. माझे बाबा, बाप्तिस्त, मान खाली घालून जेवायचे. मीही जेवायचे. भूक लागलेली असायची, काय करणार?

मारियानला स्थळं आली की वडलीमाय विचारायची, "फादराफुडे शब्द दिवक जमात हिका?" तिथेच बोलणं संपायचं.

वडलीमाय गेली आणि वर्षभराने वेंगुर्ल्याहून एडवर्ड मास्तर मारियानला बघायला आला. त्याने तिला अडखळताना ऐकलं. म्हणाला, "माका घाय नाय. सावकाश बोलांदे तिका."

त्या एका वाक्यावर आत्या जगत होती. तिला एकच धास्ती होती. उद्या सगळ्या गावासमोर, चर्चमध्ये शब्द देताना जीभ अडकली तर...

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी भिकाऱ्यांचं जेवण घालतात. घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने गोरगरिबांना पानावर बसवायचं. ज्याच्या नावाचं पान, त्या दिवसापुरता पानावर बसणारा माणूस तोच. नवरीने स्वतःच्या हाताने वाढायचं. ते पोटभर जेवले की मेलेले तृप्त होतात आणि लग्नाला आशीर्वाद मिळतो.

त्यांतलं कोणी उपाशी उठलं, तर मात्र लग्नाचं काही खरं नाही.

वडलीमायच्या पानावर बाजारातली म्हातारी मथुरा बसणार होती. महादू गाडीवान तिला आणि आणखी पाच जणांना आणायला गेला होता. गोव्याचे पाहुणे सरहद्द बंद म्हणून आलेच नव्हते. घरात आम्हीच.

ओटीवर पानं मांडून झाली, पहिलं वडलीमायचं. मी पाणी आणायला आत गेले.

परत आले तर...

पहिल्या पानावर एक म्हातारी बसलेली.

डोक्यावरून पदर, मान खाली. मला वाटलं मथुरा आली. मी पाणी ठेवलं. पायरीवर पडलेला आमचा कुत्रा तिथे नव्हता. अंगणातले माड वाऱ्याने हलत होते...

झावळ्यांचा आवाज येत नव्हता.

तेवढ्यात महादूची गाडी आली. तो लांबूनच ओरडला, "बाप्तिस्तानु, मथुराक ताप इलो. पाचच जणांका हाडलंय!"

बाबांनी पहिल्या पानाकडे पाहिलं. त्या दिवशी दारी आलेल्याला उठवत नाहीत. ते म्हणाले, "ऱ्हवांदे. बसलीसा ती बसांदे."

बाकीचे पाच जण बसले. मारियानने भात वाढला. कैरी आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, घालून केलेली कढी वाढली. पहिल्या पानावरच्या माणसाने प्रार्थना म्हणायची, मग सगळ्यांनी घास घ्यायचा, ही आमच्या घरची रीत.

बाबा म्हणाले, "म्हण गो आये."

म्हातारीने अंगठ्याने कपाळावर क्रूस काढला. मग ओठांवर. मग छातीवर.

"नमान मारये..."

आईच्या हातातली पळी खाली पडली.

तो आवाज वडलीमायचा होता.

"नमान मारये, क..."



"क... क... क..."

वडलीमाय आयुष्यात कधी अडखळली नव्हती. एकदाही नाही.

तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडकली. लुगडं वर सरकलं होतं. गुडघ्यावरचा काळा घट्टा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तिची बोटं हळूहळू भाताकडे सरकत होती. एवढी भूक मी कोणाच्याच हाताला पाहिलेली नाही.

मारियान समोर उभी होती. ती वाकली.

मला वाटलं, आता ही घास भरवणार.

तिने पान उचललं.

"पयल्यापासून म्हण," ती म्हणाली. मऊ आवाजात. एकही अक्षर न अडखळता. "मगे जेवाण."

बाबा ओरडले, "मारियान! काय करतंस गो? फाल्या लगीन आसा तुझा! ती उपाशी उठली तर..."

"गप ऱ्हव, दादा. नऊ वर्सां गप ऱ्हवलंस मां?"

बाबांनी मान खाली घातली, जेवताना घालायचे तशी.

मारियान पान हातात धरून उभी राहिली. वाफ म्हातारीच्या तोंडावर जाईल इतक्या जवळ. म्हातारीने पुन्हा म्हटलं. पुन्हा. रडत रडत म्हटलं. शेवटी मारियान शांतपणे मागच्या दारी गेली आणि सगळं पान माडाच्या आळ्यात ओतून आली.

तोपर्यंत पहिल्या पानाची जागा रिकामी झाली होती. तिला उठताना आमच्यापैकी कोणी पाहिलं नाही. उरलेल्या पाच जणांनी पोटभर जेवून घेतलं. त्यांनी विचारलं, पहिली जागा मोकळी का ठेवली होती?

मी घागर घेऊन मागच्या दारी गेले.

ती तिथे उभी होती.

पदर अजून डोळ्यांवर. हात पुढे केलेला.

"कुर्ले..."

मी लहानपणी खेकड्यासारखी आडवी आडवी रांगायचे म्हणून वडलीमाय मला कुर्ली म्हणायची. दुसरं कोणी नाही.

"कुर्ले, माका पेज दी गो. वाटीभर. दोन वर्सां झाली."

पेजेचं मडकं माझ्या हाताशी होतं. वाटी होती. कोणी बघत नव्हतं.

मी दार लोटलं आणि कडी घातली.

संध्याकाळची घंटा होईपर्यंत दारापलीकडून बारीक आवाज येत होता. क... क... क... मग तो थांबला. पावलं लांब गेल्याचं मात्र मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मारियानने फादरांसमोर असा खणखणीत शब्द दिला की बायका रडल्या. ती पुन्हा कधीच तोतरी बोलली नाही. एडवर्ड मास्तरांबरोबर सुखाने संसार केला, चार मुलं झाली, सगळी धडधाकट. बाबा मरेपर्यंत वाट बघत होते काहीतरी वाईट घडायची.

काहीही घडलं नाही.

मागच्या वर्षी मी कन्फेशनला बसले आणि हे सांगितलं. म्हटलं, फादर, लहान होते, घाबरून दार लावलं. ते म्हणाले, लेकराचा काय दोष?

मी खोटं बोलले होते.

भीती नंतर वाटली. कडी घालताना मला बरं वाटत होतं. ती बाहेर "पेज, पेज" करत होती आणि मी दाराला पाठ लावून, मडक्यातली पेज स्वतः पीत उभी होते.