शेजारची खुर्ची

फाटकावरच्या यंत्राने लाल दिवा दाखवला, तेव्हा सदानंद चुरींना कळलं की यमुनाची जागा गेली.

त्यांच्या हातात दोन तिकिटं होती. एकाला हिरवा दिवा लागला, दुसऱ्याला लाल.

"काका, यावर कोणीतरी आधीच आत गेलंय," फाटकावरचा माणूस म्हणाला.

त्यांच्या बायकोला, यमुनाला, जाऊन दोन महिने झाले होते. वसईतल्या या गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं तिनेच हट्टाने आणायला लावली होती. तिची खुर्ची रिकामी ठेवून सदानंदांना शेजारी बसायचं होतं. खुर्चीवर घालायला त्यांनी तिची शाल आणली होती.

आत त्या खुर्चीवर रिद्धी नावाची एक मुलगी बसली होती. तिने तिकीट ऑनलाइन घेतलं होतं, तिप्पट किमतीला. विकणाऱ्याचं नाव तिला माहीत नव्हतं. त्याने पाठवलेला तिकिटाचा फोटो फाटकावर दाखवून ती आत आली होती; तोच तिने सदानंदांना पाठवला. गाणं सुरू व्हायच्या आतच ते घरी परतले. शाल पिशवीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ते खाजगी तपासनीस क्षितिजा राऊतकडे गेले.

"पोलिसांत का नाही गेलात?" तिचे सहकारी भालचंद्र यांनी विचारलं.

"काय सांगू त्यांना? बायकोची खुर्ची चोरली म्हणून?"

क्षितिजाने फोटो मोठा केला. तिकिटाच्या कोपऱ्यावर हळदकुंकू होतं आणि त्यावर तांदळाचे चार-पाच दाणे.

"हे कुणी लावलं?"

"यमुनाने. नवीन वस्तू आधी देवापुढे, मग कपाटात. मिक्सर असो नाहीतर तिकीट. मी तिकिटं तिच्या हातात दिली आणि औषधं आणायला खाली गेलो. आलो तर तिकिटं तिच्या उशाजवळच्या देवापुढे, वर अक्षता. मी लगेच झटकून कपाटात ठेवली. ओरडली मला, जरा थांबा की म्हणून."

"जाताना दार?"

"बाहेरून कुलूप. उठून कडी काढायची तिच्यात ताकद नव्हती."

"आणि नंतर?"

"ती गेल्यावर तिच्या फोटोपुढे ठेवली."

"चावी आणखी कुणाकडे?" भालचंद्रांनी विचारलं.

"शेजारच्या विनिताताईंकडे. पण तीसुद्धा यमुना गेल्यावर दिली. मला दुपारी झोप लागते, दार वाजलेलं कळत नाही."

"हे सध्या कुणाला सांगू नका," क्षितिजा म्हणाली.

सदानंदांच्या नायगावच्या इमारतीत विनिताताई भडकल्याच. "चावी आहे म्हणून मी चोर? दोन महिने डबा देतेय त्यांना! तिकिटं रोज दिसायची, पण मी हात नाही लावला."

"यमुनाताईंना फोन चालवता यायचा?"

"फोटो काढायच्या, आवाजात निरोप पाठवायच्या. लिहिणं जमायचं नाही. पुतण्याने, सिद्धेशने शिकवलं होतं. मला काही पाठवायला त्यांना जमलं नाही कधी, फक्त त्यालाच जायचं." त्या थोड्या निवळल्या. "गास गावातली द्वारका त्यांची मैत्रीण. गाण्याची वेडी. तिला तिकीट मिळालं नाही, तर यमुनाताईंनाच जास्त वाईट वाटलं."

बाहेर भालचंद्र म्हणाले, "चावी हिच्याकडे. मला तर सरळ दिसतंय."

"फोटो पुन्हा बघा, भालचंद्रराव."

सिद्धेश मोबाईलवरून नजर न काढता बोलला. क्षितिजाने त्याला एवढंच सांगितलं की काकांकडचं एक तिकीट कुणीतरी विकलं.

"मग काय झालं? काकूची खुर्ची रिकामीच राहणार होती ना? कुणीतरी गाणं ऐकलं. सगळेच विकतात."

संध्याकाळी सगळे सदानंदांच्या घरी, यमुनाच्या फोटोसमोर जमले.

"चोराला चावी लागलीच नाही," क्षितिजा म्हणाली. "रिद्धीला मिळालेल्या फोटोत तिकिटावर तांदूळ आहेत. काकांनी ते त्याच दिवशी झटकले. म्हणजे फोटो त्याआधीचा. तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत एकच माणूस होतं."

सदानंद हळूच खाली बसले. "यमुनाने विकलं?"

"नाही. आपण कार्यक्रमापर्यंत नसू, हे त्यांना कळलं होतं. तिकीट त्यांनी कुणासाठी तरी पाठवलं. त्यांनी काढलेला फोटो एकालाच जायचा." ती वळली. "सिद्धेश, कुठलं तिकीट ते मी सांगितलं नव्हतं. काकूची खुर्ची तूच म्हणालास. निरोप काय होता?"

सिद्धेशने मोबाईल खिशात ठेवला.

"द्वारकाबाईंना दे म्हणाली," सिद्धेश पुटपुटला. "काकांना एकट्याला बसवू नकोस. त्यांना आत्ता सांगू नकोस, 'तू बरी होशील' म्हणत माझ्याशी भांडत बसतील."

भालचंद्रांनी चष्मा काढून पुसला.

"मी देणारच होतो, काका. मग भाव एवढा चढला... त्या मुलीने खुशीने दिले."

"तिने दिले रे," सदानंद म्हणाले. "पण ती जागा विकायची नव्हती. यमुनाने ती द्वारकाला दिली होती. तू मधला."

सिद्धेशची मान खाली गेली. "रिद्धीचे वरचे पैसे परत करतो. गासलाही जातो."

"जा. आणि द्वारकाला खरं सांग."

"तो निरोप आहे माझ्याकडे. लावू?"

"आत्ता नको."

सगळे गेले. विनिताताईंनी डबा ओट्यावर ठेवला होता. सदानंदांनी यमुनाचा फोन चार्जिंगला लावला, रोज लावायचे तसा. निरोप त्यातही होता.

तो त्यांनी अजून ऐकलेला नाही.