हॅनाचे वचन

मिरजेतल्या त्या घरात दिवसभरात बोलणारे एकच कोणी होते, ते म्हणजे उगमक. चहाच्या डब्याएवढे हे यंत्र इंग्लंडमधल्या एका ग्रंथालयाने मार्थाबाई उजगरे यांच्याकडे पाठवले होते. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज उपदेशकांची प्रवचने वाचायची आणि त्यांतले प्रत्येक वचन बायबलच्या कुठल्या अध्यायातले ते सांगायचे, हे त्याचे काम. उपदेशक बेटे पाठांतरावर विसंबून दोन वचनांची खिचडी करत. उगमक तीही वेगळी करून दाखवी. त्याला जे सापडत नसे, ते बाईंकडे येई. त्यांचे यजमान, चर्चचे पाळकसाहेब, गेल्यापासून चार वर्षे हाच त्यांचा विरंगुळा होता.

आज एका खेड्यातल्या उपदेशकाचे वाक्य अडले होते. "शास्त्र सांगते, ज्याची कोणी वाट पाहत नाही त्याच्यासाठीही दार उघडे ठेवा." तीस वर्षांत त्याने ते एकेचाळीस वेळा सांगितले होते आणि कुठल्याही बायबलमध्ये ते नव्हते.

"प्रवचनं तारखेप्रमाणे लाव," बाई म्हणाल्या.

ते वाक्य असलेले पहिले प्रवचन निघाले उपदेशकाने बायकोला पुरल्यानंतरच्या रविवारचे. तिथे "माझी हॅना म्हणायची" असे होते. दोन वर्षांनी हॅनाची "एक भाविक स्त्री" झाली आणि पुढे थेट शास्त्र.

बाईंना हॅनाचा हेवा वाटला. मेलेल्या बाईचा हेवा करायचा म्हणजे अगदीच झाले, पण वाटला खरा.

त्यांनी पुण्याला सुवार्ताला फोन लावला. या कामाची देखरेख तिच्याकडे होती.

"काकू, नियम साधा आहे. बायबलमध्ये नसेल तर यादीतून काढून टाकायचं."

"मग ती कुठे जाते?"

"कोण ती?"

"काही नाही. कळवते तुला."

पाळकसाहेबांच्या प्रवचनांच्या सोळा वह्या उगमकाच्या पोटात आधीच होत्या. बाईंची चाळीस वर्षांची दैनंदिनीही होती. ती त्या रोज जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवत, कारण तोंडाने काही सांगायला जावे तर साहेब रविवारच्या तयारीत गढलेले. "वाचतो गं," म्हणायचे. खरेच वाचली का, हे विचारायचा धीर बाईंना कधी झाला नाही.

"साहेबांच्या वह्यांत माझं काही आहे का, बघ." निदान एक वाक्य असावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

उगमकाला चार मिनिटे लागली. "दैनंदिनीतून वह्यांत गेलेले एकही वाक्य नाही. दैनंदिनीतली दोनशे बारा वाक्ये मात्र आधी वह्यांत आली आहेत."

बाईंनी ती वाचून काढली. आई गेली त्या दिवशी रडत रडत लिहिलेले वाक्यही त्यांत होते. साहेब ते सहा महिने आधी दुसऱ्या कुणाच्या तरी दफनविधीत बोलले होते. साहेब गेल्यावर घरात आपण एकट्याच उरलो, असे बाईंना वाटायचे. आज आपण तरी उरलो आहोत, असेही वाटेना.

"एकेचाळीस नोंदी काढू?" उगमकाने विचारले.

"राहू दे. उगमाच्या रकान्यात हॅना लिही."

"हॅना नावाचे पुस्तक बायबलमध्ये नाही."

"ठाऊक आहे. लिही तू."

त्याने लिहिले. बाईंनी दैनंदिनीचे कोरे पान पुढे ओढले.

"आता मी एक वाक्य बोलणार आहे. ते कुणाचं आहे, सांगशील?"

"बोला," उगमक म्हणाला, आणि बाई वाक्य शोधत बसल्या.