रंभाबाईंचा लॉकर

ही गोष्ट खरी आहे. मी बँकेत नोकरी करते. गोष्टी रचायला मला वेळ नाही आणि तेवढं डोकंही नाही. बँकेचं नाव मात्र सांगणार नाही, कारण निवृत्त होईपर्यंत मला तिथूनच पगार घ्यायचा आहे.

नागपूरच्या महाल भागात आमची शाखा आहे. माझं नाव सरिता. तिथले लॉकर मी सांभाळते.

भुताटकी रात्रीच होते, असं सगळे समजतात. ही भर दुपारी झाली. मे महिना होता. बाहेर असं ऊन की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं, आणि जो तो तोंडाला दुपट्टा गुंडाळून आत येत होता.

लॉकरच्या खोलीला मात्र दिवस-रात्र नसते.

खिडकी नाही. मोबाइलला रेंज नाही. जाड लोखंडी दार, त्याच्या आत जाळीचं दार आणि मग भिंतभर लॉकर.

लोक मला नेहमी विचारतात, "मॅडम, लॉकर सेफ असते ना?"

मी सांगते, प्रत्येक लॉकरला दोन चाब्या लागतात. एक बँकेची, एक तुमची. आधी माझी फिरते, मग तुमची. एकट्या माझ्याने उघडत नाही, एकट्या तुमच्यानेही नाही. लॉकर उघडला की मी बाहेर येते. तुम्ही आत काय ठेवता ते मला माहीत नसतं आणि जाणून घ्यायची हौसही नाही.

चोर आत शिरू शकत नाही, एवढं मी आजही छातीठोकपणे सांगते.

नंदनवनच्या रंभाबाईंचा लॉकर सगळ्यात खालच्या रांगेत, कोपऱ्यात होता. त्यांच्या आणि त्यांच्या मुलाच्या, संजीवच्या नावावर. बाई साठीच्या. कमरेला चाब्यांचा जुडगा आणि बोलणं असं की समोरच्याने गप्पच बसावं. मला त्या कधी आवडल्या नाहीत. उगाच गोड कशाला बोलू?

एकदा त्या सुनेला घेऊन आल्या. मयुरी तिचं नाव. सासू आत गेली आणि ही पोट धरून बाहेरच्या बाकावर बसली. चेहरा पिवळा पडला होता. मी पाणी दिलं तेव्हा तिने सांगितलं, पोटाचं ऑपरेशन करायचं आहे आणि डॉक्टर म्हणतात, थांबू नका. तिच्या आईने, सुभद्राबाईंनी, उमरेडला हातमागावर लुगडी विणून विणून तिच्यासाठी सोनं केलं होतं. गोफ, एकदाणी, पाटल्या. तेच गहाण ठेवून ऑपरेशन करायचं ठरलं होतं. त्यासाठीच दोघी आल्या होत्या.

रंभाबाई बाहेर आल्या. हात रिकामे.

"कुलूपच नाही खुललं वं," त्या म्हणाल्या. "खराब झालं वाटते. पाहू पुढच्या महिन्यात."

आणि त्या कूलरजवळच्या माठाकडे पाणी प्यायला गेल्या.

मयुरीने मला हळूच विचारलं, "मॅडम, कुलूप खरंच खराब आहे का?"

"नाही. आत्ता माझ्यासमोर उघडलं."

मी खरं तेच बोलले. मयुरी पाणी पिणाऱ्या सासूकडे बघत राहिली. ती नजर रडकी नव्हती. काहीतरी नीट लक्षात ठेवून घ्यावं, तशी होती.

पावसाळा संपायच्या आत ती गेली.

तिची मुलगी गुंजन नुकती शाळेत जायला लागली होती. तिला सुभद्राबाई उमरेडला घेऊन गेल्या. त्यांनी जावयाकडे एकच गोष्ट मागितली. मयुरीचं सोनं तिच्या मुलीला द्या. रंभाबाईंनी साफ नाही म्हटलं. म्हणे, घरचं सोनं घरातच राहील. डोळे फोडून सोनं केलं सुभद्राबाईंनी, आणि घर म्हणे यांचं. मला तेव्हा जो संताप आला होता, तो अजून उतरलेला नाही.

वर्षाच्या आत संजीवचं दुसरं लग्न ठरलं.

आपल्याकडे पहिली बायको वारली असेल तर तिचा टाक करतात. चांदीचा छोटासा पत्रा, त्यावर बाईची आकृती. तो देवघरात ठेवायचा आणि नव्या नवरीने त्याला हळदकुंकू वाहायचं. गेलेलीचा मान राहतो, मग ती नव्या संसाराला त्रास देत नाही, असं मानतात.

रंभाबाईंनी टाक केला. पण तो घेऊन त्या बँकेत आल्या.

"घरात नाही ठेवत मी हिले," त्या मला म्हणाल्या. "दिवाच टिकत नाही हिच्यापुढं. लावला की विझते. इथंच राहू द्या. दोन दारं, दोन चाब्या. इथून कशी निघते पाहू."

मला हसू आलं. मी म्हटलं, "ठेवा की. भाडं तेवढंच पडेल."

ज्या सोन्यावाचून ती मेली, त्याच सोन्याशेजारी त्यांनी तिला ठेवलं.

त्यानंतर सुरू झालं...

गौरांगभाऊ म्हणून आमचे एक जुने ग्राहक आहेत. ते आत गेले आणि लगेच बाहेर आले.

"मॅडम, आत एक बाई आहे. तिचं होऊ द्या, मग जातो."

"आत कोणीच नाही, भाऊ."

"काहून नाही? कोपऱ्यात खाली बसून आहे ना. पाठ दिसली मले."

मी आत जाऊन पाहिलं.

कोणी नव्हतं.

फक्त... बांगड्या वाजल्यासारखा बारीक आवाज येत होता. मी थांबले, की तोही थांबायचा.

मग एक दिवस एसी बिघडला. सगळी शाखा घामाने निथळत होती. लॉकरच्या खोलीतही जीव गुदमरत होता. पण खालच्या रांगेतला तो कोपरा... माठासारखा गार होता.

मी कोणाला काही बोलले नाही. मॅनेजरला सांगितलं असतं तर त्यांनी मला सुट्टी घ्यायला लावली असती.

आणि मग ती मे महिन्यातली दुपार.

लग्न तोंडावर आलं होतं. रंभाबाई होणाऱ्या सुनेला घेऊन आल्या. सोनिका तिचं नाव, सदरला एका ऑफिसात काम करणारी, मोकळ्या स्वभावाची मुलगी. दागिने घरी नेऊन तिच्या अंगावर घालून बघायचे होते. ती बाहेरच्या बाकावर बसली. मयुरी बसली होती त्याच जागेवर.

मी आणि रंभाबाई आत गेलो. मी खाली वाकून माझी चाबी लावली. फिरवली.

खट्...

लॉकरचं दार उघडलं.

रंभाबाईंची चाबी अजून त्यांच्या कमरेलाच होती.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एका चाबीने ते उघडूच शकत नाही.

"जुनं कुलूप आहे," मी म्हटलं. माझाच माझ्या बोलण्यावर विश्वास नव्हता.

रंभाबाईंच्या कपाळावर घाम आला होता. पण सोनं समोर दिसत होतं.

"तुम्ही जा बाहेर," त्या म्हणाल्या.

नियम आहे. मी बाहेर आले आणि जाळीजवळ उभी राहिले.

आधी दागिन्यांचा आवाज आला. मग रंभाबाईंचा.

"इकडं दे."

मला वाटलं, फोनवर बोलत आहेत. मग आठवलं, आत रेंज नसते...

"सोड. सोड म्हणते ना मी तुले."

मग काहीच नाही.

एसीची घरघरसुद्धा नाही.

आणि मग अशी किंकाळी आली की काउंटरवरची माणसं उभी राहिली. मी आत धावले. माझ्यामागे सोनिका.

रंभाबाई जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. त्यांचा उजवा हात लॉकरमध्ये होता.

खांद्यापर्यंत.

त्या लॉकरची खोली मला पाठ आहे. कोपराच्या जरा पुढे हात गेला की मागचं लोखंड लागतं. त्यामागे भिंत. अख्खा हात त्यात मावणं शक्यच नाही. पण तो होता. त्यांचा गाल वरच्या लॉकरच्या दारावर चेपला होता.

"आत ओढून राहिली," त्या म्हणत होत्या. "मले आत ओढून राहिली..."

सोनिकाने त्यांना कमरेला धरलं, मी खांद्याला. आम्ही जोर लावून ओढलं.

पलीकडूनही कोणीतरी ओढत होतं.

हे मला कोणी सांगितलेलं नाही. माझ्या हातांना ते कळलं आहे. आम्ही सैल पडलो की तिकडून ओढ यायची.

मग अचानक सुटलं आणि आम्ही तिघी मागे पडलो. रंभाबाईंचा हात पांढराफटक पडला होता. मूठ आवळलेली. बोटांच्या फटीतून चांदीची कड चमकत होती.

टाक त्यांच्या मुठीत होता.

सोनं पिशवीत जसंच्या तसं.

रंभाबाईंना दवाखान्यात नेलं. त्या गेल्यावर सोनिकाने मला विचारलं, हे सोनं कोणाचं आहे? मी काही लपवलं नाही. संध्याकाळी संजीव लॉकरला कुलूप लावायला आला, तेव्हा ती थांबूनच होती.

"मले नको हे," ती त्याला म्हणाली. "ज्या पोरीचं आहे तिले द्या. अन् लग्नाचंही राहू द्या."

डॉक्टरांनी सांगितलं, हाताला लकवा मारला आहे. इंजेक्शनं दिली, मालिश केलं, पण मूठ उघडेना. संजीव बँकेत येऊन माझ्यासमोर खुर्चीत बसला.

"मॅडम, आईचा हात गरम नाही होऊन राहिला. गरम पाण्यात बुडवला, तर पाणीच थंड होऊन राहिलं."

शेवटी रंभाबाई स्वतःच म्हणाल्या, सोनं गुंजनला द्या. उमरेडहून सुभद्राबाई आल्या, गुंजनला घेऊन. रंभाबाईही संजीवबरोबर आल्या, हात पदराखाली झाकून. गुंजनला मी माझ्या टेबलाशी बसवून रंगीत पेन दिले आणि आम्ही आत गेलो.

या वेळी लॉकर नीट, दोन्ही चाब्यांनी उघडला. सुभद्राबाईंनी एकेक दागिना बाहेर काढला, डोळ्यांना लावला, पिशवीत ठेवला.

मग आम्ही सगळे त्या मुठीकडे बघत राहिलो.

काहीच झालं नाही.

"सोनं दिलं ना वं आता," रंभाबाई रडायला लागल्या. "सोड म्हणा तिले."

संजीवने सासूचे पाय धरले. "आई, तुम्हीच सांगा. तुमचं ऐकते ती."

सुभद्राबाई खाली बसल्या. ती मूठ त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतली, गालाला लावली.

"किती गार पडली माझी पोरगी," त्या म्हणाल्या.

मी बघत होते. करंगळी... हळूच सैल झाली. मग तिच्याशेजारचं बोट. मला वाटलं, सुटली बाई एकदाची.

सुभद्राबाईंनी मुठीजवळ तोंड नेलं. रस्ता ओलांडताना आई लेकराला सांगते ना, तशा हळू आवाजात त्या बोलल्या.

"मयुरी, धरून ठेव बाई. सोडू नको."

दोन्ही बोटं मिटली.

मुठीत काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज मी ऐकला. रंभाबाई ओरडल्यासुद्धा नाहीत. नुसत्या तोंड उघडून बघत राहिल्या.

सुभद्राबाई उठल्या, बाहेर येऊन गुंजनचं बोट धरलं आणि उन्हात निघून गेल्या.

मला वाईट वाटायला हवं होतं. त्या क्षणी वाटलं नाही. घरी गेल्यावर मात्र मी देवापुढे बराच वेळ बसले.

मी समजत होते, ती सोन्यासाठी थांबली आहे. पण तिला सोनं नकोच होतं. तिला ऑपरेशन हवं होतं, जगायचं होतं. ते आता कोण परत देणार?

रंभाबाई अजून आहेत. घरात नको म्हणून जिला बँकेत ठेवलं, ती आता त्यांच्याबरोबर जेवते, त्यांच्याबरोबर झोपते. गारठा आधी मनगटापर्यंत होता. दसऱ्याला संजीव भेटला तेव्हा कोपरापर्यंत चढला होता.

परवा तो लॉकर सोडायला आला होता. मी विचारलं, "आई कशा आहेत?"

त्याने नुसता आपल्या गळ्याला हात लावून दाखवला.

मग कागदावर सही करून चाबी माझ्यासमोर ठेवली आणि गेला. बाहेर ऊन होतं, तो चालत आला होता, चाबी त्याच्या खिशात होती. तरी मी ती उचलली तेव्हा ती बर्फासारखी गार होती.

लॉकरसाठी रांग मोठी आहे, मॅनेजर रोज विचारतात. मी अजून तो कोणाला दिलेला नाही. चाबी माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि त्या ड्रॉवरमधलं काही लागलं, तर मी शिपायाला काढायला सांगते.