दहा मिनिटं पुढचं घड्याळ

दिवा राहू दे तसाच, बारीक. आणि मधे मधे ‘मग काय झालं’ करू नका, मी काही पळून जात नाही. ही गोष्ट माझ्या साडूची. तो घड्याळजी. थाप मारायची झाली तरी वेळ बघून मारील, असा माणूस.

आमच्या जुन्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक पब होता. तुमचे ते कानठळ्या बसवणारे पब वेगळे. इथे ठेंगणं छत, शेकोटी, लाकडी बाकं आणि एकमेकांची अंडीपिल्ली ठाऊक असलेली तीच ती माणसं. मालक साडूचा शाळेपासूनचा जिवलग. बायकोला सांगत नाही ते साडू याला सांगायचा.

बिअरची पिंपं तळघरात असायची. तिथेच काही वर्षांपूर्वी एका रात्री अकराच्या ठोक्याला मालकाचा भागीदार गुदमरून मेला. तळघराच्या तोंडावरची लाकडी झडप चुकून लागली, असं मालक रडत रडत सगळ्यांना सांगत होता. तेव्हा त्याला सावरलं ते साडूनेच.

त्यानंतर पबातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायची पद्धत पडली. गिऱ्हाइकं वेळेवर उठावीत म्हणून, असं आम्ही समजायचो. घड्याळात अकरा वाजले की मालक घंटा वाजवायचा आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच दारात. एवढी घाई कसली, घरी बायको छडी घेऊन उभी असते का, अशी आम्ही त्याची थट्टा करायचो.

डिसेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी ते घड्याळ बंद पडलं. मालकाने निरोप धाडला, बंद करायच्या आधी ये, कामही होईल आणि एक ग्लासही होईल. साडू गेला. थंडीमुळे गिऱ्हाईक लवकर पांगलं होतं आणि मालक मागे ग्लास धूत होता. साडूने घड्याळ उतरवलं, साफ केलं आणि आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी मिळवून परत टांगलं. घड्याळजीचा हात तो, चुकीची वेळ लावील कसा?

मग दोघे शेकोटीपाशी बसले. शाळेतल्या मास्तरांच्या नकला झाल्या, पोटभर हसणं झालं. अकरा वाजत आले तसा मालक सावकाश उठला, घंटा वाजवली, किल्ल्या घेतल्या. साडू सहज म्हणाला, “आता अगदी बरोबर लावलंय हं.”

“बरोबर म्हणजे?”

“अकरा म्हणजे अकरा.”

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला. तो दाराकडे धावला. बाहेर काही झालं असेल, असं वाटून साडूही उठला. तोवर दार बंद झालं होतं.

आणि बाहेरून किल्ली फिरली.

साडूने दार ठोकलं. हाका मारल्या. काचेपलीकडे मालक उभा होता. दोघांची नजरानजर झाली. मागे कुणीतरी राहिलं की आपल्या पाठी कुणी लागणार नाही... एवढाच त्याचा हिशेब. साडूला तो त्याच्या डोळ्यांत दिसला. मालकाने मान खाली घातली आणि चालू लागला.

अकरा ठोके पडले.

तळघराची झडप उचलली गेली. हळू.

पायरी वाजली. आणखी एक...

साडूने डोळे मिटून घेतले.

ओल. आंबलेल्या बिअरचा वास. शेजारी कुणीतरी...



मग भागीदाराचा आवाज. अगदी हलका.

“तुलाही कोंडलं त्याने?”

 साडूने मान डोलावली. रडू फुटलं म्हणे, आणि ते भीतीचं नव्हतं.

खांद्यावर हात आला. थोपटलं...

कुलूप उघडल्याचा आवाज झाला. दार आपोआप मागे सरलं.

मालक दोन दिवसांनी माफी मागायला आला होता. साडूने दार उघडलं नाही. मला एवढंच म्हणाला, “ज्याला भाऊ मानलं त्याने मरायला सोडलं रे. धीर दिला तो मेलेल्याने.”

त्या रात्रीचा कोट त्याला घरात नको होता, म्हणून मी आणला. तो बघा, दारामागे टांगलाय. तुमची काकू दर उन्हाळ्यात तो दिवसदिवस उन्हात घालते. डाव्या खांद्यावर पंजाएवढी ओल आहे. अजून वाळलेली नाही.

हात लावून बघा हवं तर...