काट्यावरची रेघ

संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ताटावर बसता बसता सुताराला आठवलं, सपाटी बघायची पाणसळ मालधक्क्यावरच राहिली.

"सकाळी आणा की," बायको म्हणाली.

"सकाळपर्यंत तिला पाय फुटतील."

चार वर्षांची ठकी बापाचं शेपूट. तीही निघाली.

मुकादमकाका पोरांना हे सांगताना इथं जरा थांबतात. सुतार त्यांचा शेजारी, आणि काकांचा अख्खा जन्म त्या धक्क्यावर गेलेला.

धक्का दगडी. जोतं मालगाडीच्या दाराच्या उंबऱ्याएवढं उंच, म्हणजे पोतं उचलायला नको, नुसतं ढकलायचं. एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला गाड्यांचा रस्ता. वर गोदाम, त्याला खिडकी एकही नाही. सरकत्या लोखंडी दाराला कडी फक्त बाहेरून. माल काय आतून कडी काढणार? म्हणून हमालांचा रिवाज होता. दार ओढण्याआधी आत हाक मारायची, "कोण आहे का?" आणि थांबायचं. पोत्यांवर डुलकी लागलेला कुणी आत राहायला नको.

आता तिथं वाचनालय व्हायचं होतं. सुतार नव्या खिडक्यांची मापं घेत होता. काकांनी त्याला हाकेचं बजावलं, तर म्हणाला, "काका, आत उंदीर आहेत. ते ओ देतील होय?"

पाणसळ सापडली. जमिनीत बसवलेल्या जुन्या वजनकाट्यावर ठकीनं उडी मारली. काटा हलला. सुतारानं कानावरची पेन्सिल काढून तबकडीवर रेघ ओढली.

"बघ, एवढी तू."

तिचा हात धरून तो बाहेर आला. दार ओढलं, कडी घातली. पोर हाताशी आहे, हाक कुणाला मारायची?

आतून दारावर थाप पडली. खाली. त्याच्या गुडघ्याशी.

"बाबा..."

आवाज ठकीचा.

त्यानं खाली पाहिलं. ठकी त्याचा हात धरून उभी. ओठ मिटलेले.

"बाबा, मी राहिले..."

त्यानं कडी काढली. दार सरकेना. चाक खाचेतून उतरलेलं. त्यानं खांदा लावला. नखं मोडली. आत हुंदके. मग... तेही नाहीत.

"चला ना घरी," हातातली म्हणाली.

तो गेला. काय करणार?

सकाळी चौघांनी मिळून दार सरकवलं. आत कुणी नव्हतं. वजनाची फळी रिकामी. काटा मात्र पेन्सिलच्या रेघेवर. अजूनही तिथंच आहे.

बायको ठकीला न्हाऊ घालते, भरवते. "लेकराकडे बघत का नाही हो तुम्ही?" विचारते. सुतार दिवेलागणीला जाऊन त्या दाराशी बसतो.

तुमच्या ओळखीत कुणी रात्री दार लावणारा असेल, गोदामाचं, शाळेचं, कसलंही, तर त्याला एवढं सांगा. आधी हाक मार. मग थांब.